ठिणग्यांखालचे फडके

एकदा एक गाव होते आणि त्या गावावर धुक्याचा भारी जीव होता. डोंगराच्या कुशीत वसलेल्या त्या गावात सकाळचे दहा वाजेपर्यंत कोणी कोणाला धड दिसत नसे. माणसे आधी आवाजाने ओळखू येत, चेहरे मागाहून येत. कासंड्यांची खुळखुळ आली की गवळी, काठीची टकटक आली की कोंडाबाई, आणि दगडावरून पाते सरकल्याचा तो लांब, मऊ आवाज आला की समजावे, शिकलगार बाबा ओसरीवर येऊन बसले.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. या बाबांना कोणी वय विचारले तर ते समोरच्या काळ्या निसण्याकडे बोट दाखवीत. "हा धारेचा दगड माझ्याहून दोन वर्षांनी थोरला. त्याला विचारा, त्याला सगळं आठवतं." निसणा मधोमध झिजून खोलगट झाला होता. गावातल्या चार पिढ्यांच्या विळ्या, सुऱ्या, कोयते आणि वस्तरे त्याच्यावरून गेले होते.

बाबांच्या ओसरीवर एक रीत होती. कोणतेही पाते हातातून हातात द्यायचे नाही. गिऱ्हाइकाने सुरी पाटावर ठेवायची, मूठ बाबांकडे करून; काम झाले की बाबा ती पाटावर ठेवणार, मूठ गिऱ्हाइकाकडे करून. एखादा नवखा घाईने हात पुढे करी, तेव्हा बाबा सुरी मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहत. "धार हातातून हातात गेली की माणसांत वाकडं येतं, असं माझा बाप सांगायचा," ते म्हणत. "वाकडं येवो न येवो, बोट तरी शाबूत राहतं."

बाबांपाशी बारा वर्षे शिकत असलेला एक शिष्य होता. हैबती त्याचे नाव. शिष्य म्हटले म्हणून कोवळे पोर डोळ्यांपुढे आणू नका. चांगला पस्तिशीचा बाप्या होता, दोन लेकींचा बाप. हात चलाख, नजर साफ, मन निर्मळ. एकच खोड होती. त्याचे कान कौतुकाला फार लवकर टवकारत. कोणी "वा रे गड्या" म्हटले की त्याचा हात दगडावरून उगीचच आणखी चार वेळा फिरे. बाबा डोळे मिटूनसुद्धा ते ओळखत आणि म्हणत, "लागली ना खरखर? मग थांब की बाबा आता."

ही खरखर काय ते सांगितले पाहिजे, कारण त्या विद्येचे सगळे मर्म तिच्यात आहे. पाते एका अंगाने पुरेसे घासले गेले की पलीकडच्या अंगाला लोखंडाची केसाएवढी कड वळते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. ती लागली की त्या अंगाचे काम संपले. त्यापुढे कितीही घासा, धार वाढत नाही, पाते तेवढे कमी होते. धार कशी लावावी हे हैबती सहा महिन्यांत शिकला होता. कुठे थांबावे हे शिकण्यात उरलेली साडेअकरा वर्षे गेली होती, आणि ते शिक्षण अजून पुरे झालेले नव्हते.

आता कोंडाबाईची सुरी. ही सगळी गोष्ट त्या सुरीपाशी येऊन उभी राहणार आहे, म्हणून तिची ओळख आधीच करून देतो.

कोंडाबाई डोंगरावरच्या मठात, मुदपाकखान्यात भाजी चिरत असे. रोज दोनशे पानांची भाजी. तिशीत एका तापात तिचे डोळे गेले होते आणि आता ती साठीला टेकली होती. ताप येण्याच्या आधीपासून जी सुरी तिच्या हातात होती, तीच अजून होती. अंगठ्याने दाबून दाबून लाकडी मुठीत खळगा पडला होता. त्या सुरीच्या वजनावरून, तिच्या टोकाच्या अंतरावरून कोंडाबाईला आपले बोट कुठे आहे ते कळे. मठाने एकदा प्रेमाने नवी कोरी सुरी दिली, तर पहिल्याच सकाळी तिची तीन बोटे कापली आणि महिनाभर ती कोपऱ्यात बसून राहिली. "नुसतं बसून जेवायचं म्हणजे घास उतरत नाही हो," असे तेव्हा ती बाबांना म्हणाली होती, आणि रडली होती.

तिची सुरी झिजून झिजून गवताच्या पात्याइतकी अरुंद झाली होती. दर अमावास्येच्या आदल्या दिवशी ती धारेला येई, आणि बाबा मोजून सात हात मारीत. आठवा कधी नाही. हैबतीने एकदा कारण विचारले, तेव्हा बाबांनी आवाज खाली आणला. "या बाईचं आयुष्य आणि हिच्या सुरीचं आयुष्य बरोबरीनं सरलं पाहिजे. सुरी आधी गेली, तर बाई जितेपणी कोपऱ्यात बसेल. मी तेवढं बघत असतो." हैबतीने मान डोलावली. ऐकले त्याने; मनात किती उतरले, ते देव जाणे.

त्या वर्षी बाबांचा उजवा खांदा धरला. हात वर होईना, दगडावर जोर येईना. गावही वाढले होते. खानावळी झाल्या, मटणाची दुकाने झाली, पाटावर पात्यांची रास पडू लागली. आज टाकलेली विळी चार दिवसांनी मिळे. बायका कंटाळल्या आणि तालुक्याला जाऊ लागल्या. हैबतीला घोर लागला. दोन लेकी घरात, आणि बारा वर्षे घालून शिकलेली विद्या डोळ्यांदेखत ओस पडायला निघालेली.

एका सकाळी त्याने धीर करून विषय काढला. "बाबा, विजेवरचं मशीन घ्यावं म्हणतो."

बाबा नाक मुरडतील, दोन गोष्टी सुनावतील, अशी त्याची अटकळ होती. बाबा म्हणाले, "घे की. माझा खांदा काही नवा येत नाही. पण डोळे उघडे ठेवून घे."

मग एक व्यापारी आला. मोठा हसतमुख, बोलायला गोड, आणि सांगायला आनंद वाटतो की माणूसही सरळ होता. त्याने ओसरीवर दोन मशिने मांडली. पहिले लालभडक, तळहाताएवढे जाड चाक असलेले. कळ दाबली मात्र, ओसरी थरथरली. व्यापाऱ्याने एक बोथट सुरी चाकाला टेकवली आणि धुक्यात ठिणग्यांचा पिसारा उघडला. धुके नारिंगी झाले. रस्त्यावरची माणसे जागच्या जागी उभी राहिली. चहाच्या दुकानातली माणसे कप हातात घेऊन बाहेर आली. दहा म्हणेपर्यंत सुरी तयार! व्यापाऱ्याने तिने कागद उभा चिरून दाखवला, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. हैबतीच्या अंगावर काटा आला. इतके सुंदर काही आपल्या ओसरीवर घडू शकते, हे त्याला खरेच वाटेना.

दुसरे मशीन करड्या रंगाचे, बुटके. त्याचे दगडी चाक पन्हाळीतल्या पाण्यात अर्धे बुडालेले होते आणि अगदी संथ फिरत होते. ठिणगी नाही, गडगडाट नाही. दुपारी जेवून आडवा झालेला माणूस घोरतो, तसा काहीसा आवाज. एका सुरीला तोंडातला विडा रंगेपर्यंत वेळ लागला.

"खरं सांगू का," व्यापारी म्हणाला, "दोन्ही चांगली आहेत. लाल हातोहात खपतं, करडं दुकानात पडून राहतं. एक आठवडा हे चालवा, एक आठवडा ते. पंधरा दिवसांनी येतो. जे ठेवाल ते तुमचं."

बाबा म्हणाले, "निवड हैबती करील. माझ्यामागं इथं त्यालाच बसायचंय." मग व्यापाऱ्याकडे वळून, "मशीन चालू असताना खाली एक फडकं अंथरीन म्हणतो. चालेल ना शेटजी?"

"खुशाल अंथरा," व्यापारी हसत म्हणाला, आणि धुक्यात निघून गेला.

लाल मशीन पहिल्या आठवड्यात चालले. रोज सकाळी बाबा आतून एक पांढरे फडके आणीत, पाण्यात पिळून घेत आणि चाकाखाली नीट पसरीत. मग भिंतीला पाठ टेकून बसत. विसावे पाते झाले की फडके चटकन काढून घेत, गाठोडे बांधीत आणि कोनाड्यात ठेवून देत. मशीन पुढे दिवसभर चाले. बाबा तिकडे ढुंकून बघत नसत. धार कशी आली हे त्यांनी एकदाही विचारले नाही, एकही पाते उचलून पाहिले नाही. विसांनंतर फडके काढायचे, बस्स.

गावात तर्क सुरू झाले. कोणी म्हणे, म्हातारा ओसरी काळी पडू नये म्हणून जपतो. कोणी म्हणे, लोखंडाचे दंतमंजन करणार असेल. हैबतीच्या मनात आले, बाबा थकले, आता असेच काहीबाही करायचे. असा विचार आल्याची त्याला शरम वाटली, पण आला खरा.

बाकी तो आठवडा हैबतीच्या जन्मातला सुखाचा आठवडा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळच्या धुक्यात तो कळ दाबी आणि नारिंगी पिसारा उघडला की आयाबाया पोराबाळांना कडेवर घेऊन उभ्या राहत. "आणखी एकदा लाव की रे," लोक म्हणत, आणि तो लावलेल्या सुरीला पुन्हा लावी. काही पात्यांच्या टोकाला मोरपिशी झाक येऊ लागली. निळी, जांभळी, मध्येच सोनेरी. बायकांना ती फार आवडली. "माझ्या विळीलाही तसला रंग आण हं," असे त्या सांगून जात. तालुक्याला गेलेली गिऱ्हाइके परत आली. रोज संध्याकाळपर्यंत पाट रिकामा होई. हैबती घरी जाताना चालत नसे, तरंगत असे.

एकदा बाबांनी बसल्या जागेवरून काहीतरी विचारले.

"काय म्हणता?" हैबती गडगडाटातून ओरडला.

बाबांनी पुन्हा विचारले. हैबतीला ओठ हललेले दिसले, शब्द आले नाहीत. त्याने हात हलवून 'मग बोलू' अशी खूण केली आणि मग तो विसरून गेला.

दुसऱ्या आठवड्यात करडे मशीन पुढे आले, आणि ओसरीवरची सगळी जत्रा पांगली. लोक येत, थोडा वेळ उभे राहत आणि विचारत, "आज काय, मशीन आजारी आहे का?" पाण्यात चाक फिरे, पाते हळूहळू सरके, फडक्यावर राखाडी पाण्याचे चार थेंब पडत. पाटावरची रास मात्र रोजच्या रोज उरके. विसावे पाते झाले की बाबा तेही फडके तितक्याच निगुतीने गाठ मारून ठेवीत. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "हैबती, ठिणगी नाही तर धार कसली रे? फसवतोस की काय?" हैबतीचा चेहरा पडला. कधी एकदा पंधरवडा संपतो आणि लाल मशीन कायमचे आपले होते, असे त्याला झाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी चाकाच्या त्या संथ आवाजाने त्याचा डोळा लागला. धुके त्या दिवशी दुपारीही उठले नव्हते. त्याला दिसले की गावभर ठिणग्या उडत आहेत, अगदी सावकाश, आणि वर डोंगराकडे निघाल्या आहेत. तो हरखून बघत राहिला. मग त्याचे लक्ष खाली गेले. दारोदारी बायका भाजी चिरत बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात नुसती मूठ होती. पाते नव्हते. त्या रिकाम्या मुठी काकडीवरून फिरवीत होत्या, काकडी होती तशीच होती, आणि कोणालाच त्याचे नवल वाटत नव्हते. सगळ्याजणी वर ठिणग्यांकडे बघून हसत होत्या. एकटी कोंडाबाई हसत नव्हती. ती हातातल्या मुठीच्या पुढे बोट नेऊन चाचपून बघत होती.

हैबती दचकून जागा झाला. समोर चाक पाण्यात फिरत होते, बाबा भिंतीला टेकून बसले होते. "काय रे?" त्यांनी विचारले. "काही नाही," तो म्हणाला. सांगायला जावे तर सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते.

पंधरवडा संपला. अमावास्या एका दिवसावर आली होती. व्यापारी सकाळीच आला, आणि तो येऊन टेकतो न टेकतो तोच धुक्यातून काठीची टकटक आली. कोंडाबाई भिंतीला हात लावत ओसरीवर चढली, पाट चाचपला आणि आपली सुरी मूठ आत करून ठेवली.

"बाबा, आहात ना?"

"आहे ग. बैस."

"खांदा कसा आहे?"

"आहे, जागेवर आहे," बाबा म्हणाले. "त्याच्याच्यानं दुसरं काही होत नाही."

हैबतीने सुरी उचलली. व्यापारी बघत होता, रस्त्यावर चार माणसे थांबली होती. त्याच्या मनात आले, निवड सांगायची ती अशी करून दाखवावी. आज गावातल्या सगळ्यांत जुन्या सुरीवर लाल मशीन चालवायचे. तो उत्साहाने म्हणाला, "मावशी, आज तुमच्या सुरीची दिवाळी करतो बघा."

"मला मेलीला कुठली दिसायला दिवाळी," कोंडाबाई हसली. "पण कर बाबा. तुझ्या मशीनचं फार ऐकलंय."

हैबतीने कळ दाबली. चाक गरजू लागले. त्याने ते गवताच्या पात्याएवढे पाते चाकाजवळ नेले.

"हैबती, बंद कर ते."

बाबा ओरडले नव्हते. पण बारा वर्षांत त्यांचा असा आवाज हैबतीने कधी ऐकला नव्हता. त्याचा हात आपोआप कळीवर गेला. चाक हळूहळू थांबले आणि ओसरीवर एकदम शांत झाले.

बाबा डाव्या हाताचा टेकू घेऊन उठले. आतून जुना तराजू आणला, कोनाड्यातली गाठोडी आणली आणि मधोमध मांडली. लाल मशीनच्या आठवड्याची सात, करड्याची सात. त्यांनी पहिली सात एकेक करून सोडली. वाळलेली काळी भुकटी एका परातीत जमली. मग त्यांनी लोहचुंबकाला कागद गुंडाळला आणि तो भुकटीवरून फिरवला. चाकाचा चुरा परातीत राहिला, लोखंड कागदाला धरून वर आले. ते लोखंड त्यांनी तराजूच्या एका पारड्यात झटकले. असे पुष्कळ वेळा केले. अखेर ते म्हणाले, "आता दुसऱ्या पारड्यात कोंडाबाईची सुरी ठेव."

हैबतीने ठेवली. भुकटीचे पारडे सावकाश खाली गेले आणि खालीच राहिले. सुरी वर हवेत झुलत राहिली.

मग बाबांनी पारडे रिकामे करून करड्या मशीनची सात गाठोडी तशीच सोडली, तसेच चुंबक फिरवले. जे निघाले ते चिमटीत मावले. पारड्याने त्याची दखलही घेतली नाही.

व्यापारी पुढे सरकला. "बाबा, एक बोलू? लाल मशीनवर सुऱ्याही कितीतरी जास्त झाल्या असतील. मग भुकटी जास्त पडणारच."

"बरोबर बोललात," बाबा म्हणाले. "म्हणून तर रोज विसाव्या पात्याला फडकं काढून घेत होतो. इकडं वीस, तिकडं वीस. दोघांनाही सारखंच."

हैबती पारड्यातल्या सुरीकडे बघत होता. बाबा त्याच्याजवळ बसले आणि हळू आवाजात बोलले.

"ठिणगी बघायला गोड वाटते ना रे? मलाही वाटली. पण ती ठिणगी कशाची असते? सुरीचीच. पातं जळत जळत निघून जात असतं, आणि आपण त्याच्या जाण्याला टाळ्या वाजवतो. ती मोरपिशी झाक आली ना, तिथलं पोलाद भाजून मऊ पडलं. त्या जागी धार आता आठ दिवस टिकायची नाही. लाल मशीन वाईट नाही. लोहाराच्या दारात ते शोभेल. कुऱ्हाडी आहेत, पहारी आहेत, त्यांच्याजवळ द्यायला लोखंड आहे. पण या सुरीजवळ काय आहे द्यायला? कोणतीही वस्तू निवडताना लोक विचारतात, ही काय देते. ते तर दुकानदारच सांगतो. ती काय घेऊन जाते, ते आपलं आपण बघायचं. त्याला खाली फडकं अंथरावं लागतं."

गावच्या सगळ्या विळ्या हैबतीच्या डोळ्यांपुढून गेल्या. आणखी एकदा, आणखी एकदा म्हणत त्याने किती पात्यांची किती वर्षे उडवून टाकली होती! तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं, तर आठवडाभर मला थांबवलं का नाहीत?"

परातीतल्या काळ्या भुकटीवरून बाबांनी बोट फिरवले.

"ठाऊक नव्हतं रे. संशय होता. म्हाताऱ्या माणसाला नव्याला नावं ठेवायची खोड असते. मला वाटलं, माझा खांदा गेला म्हणून मला त्या मशीनचा राग येत असेल. म्हणून म्हटलं, आधी बघू, मग बोलू. फडकं मी तुझ्यासाठी नव्हतं अंथरलं, माझ्यासाठी अंथरलं होतं. चार दिवसांतच गाठोडी जड लागली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. एकदा विचारलंही तुला, खरखर लागते का म्हणून. तुला ऐकू गेलं नाही, आणि मी पुन्हा उठून आलो नाही. तेवढ्या पात्यांचं पाप माझ्या माथी."

व्यापाऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "इतकी वर्षं मी धारच दाखवत आलो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "खाली काय पडतं ते झाडणाऱ्याला ठाऊक." मग त्याने हैबतीकडे पाहिले. "बोला, काय ठेवू?"

"करडं ठेवा," हैबती म्हणाला. रस्त्यावरच्या माणसांतून कोणीतरी "अरेरे" म्हटले. ते त्याला ऐकू आले, लागलेही, पण त्याने मान वर केली नाही.

कोंडाबाई इतका वेळ हात गुंडाळून ऐकत बसली होती. तिने विचारले, "बाबा, माझी किती राहिली?"

"तुला पुरेल," बाबा म्हणाले. "हैबती, गावच्या कामाला मशीन आहे. ही सुरी निसण्यावरची. बस माझ्या जागेवर."

हैबती काळ्या दगडापुढे बसला. दगडावर पाणी शिंपडले, पाते टेकवले. पहिला हात सरकला आणि तो लांब, मऊ आवाज पंधरा दिवसांनी पुन्हा ओसरीवरून धुक्यात गेला. दुसरा, तिसरा. लोक बघत होते की निघून गेले होते, ते त्याने पाहिले नाही. चौथा, पाचवा. प्रत्येक हातानंतर तो पलीकडच्या अंगावरून बोट फिरवी. सहाव्या हाताला बोटाला लागली ती खरखर, केसाएवढी, असून नसल्यासारखी. सातवा हात त्याच्या खांद्यात तयार होता. बारा वर्षे त्याने बाबांचे सातच मोजले होते. तो क्षणभर तसाच बसला, आणि मग त्याने पाते दगडावरून उचलले. खरखर उतरवली, फडक्याने पुसले, आणि सुरी पाटावर ठेवली, मूठ कोंडाबाईकडे करून.

कोंडाबाईने ती लगेच उचलली नाही. "सहाच?" ती म्हणाली. "बाबा सात मारतात."

"सहाव्यालाच लागली, मावशी," हैबती म्हणाला. "सातवा ठेवला तुमच्यासाठी."

तिने सुरी उचलली. अंगठा मुठीतल्या खळग्यात बसला. दुसऱ्या हाताचे बोट तिने धारेवरून अलगद आडवे नेले, पुन्हा एकदा नेले, आणि तिचा चेहरा बाबा बसले होते त्या बाजूला वळला.

"बाबा," ती म्हणाली, "आता तुम्ही खुशाल म्हातारे व्हा."

बाबा हसले. त्यांनी चांगला हात डोळ्यांवरून फिरवला. मग काठीची टकटक पायरीवरून उतरली आणि मठाच्या चढाकडे निघाली, ती बराच वेळ ऐकू येत होती.

हैबतीने करड्या मशीनची कळ दाबली. बाबांनी सांगितले नव्हते, तरी त्याने आतून एक पांढरे फडके आणले, पाण्यात पिळले आणि चाकाखाली पसरले.

आपल्याही हातून कधी ठिणग्या उडू लागतात, आणि माणसे गोळा होऊन 'आणखी एकदा' म्हणतात. त्या वेळी खाली काही अंथरलेले असावे, आणि संध्याकाळी ते आपणच उघडून पाहावे.